वेल्सची एअर ॲम्ब्युलन्स कशी वाढली, आणि आपण सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूर भागातले काही डॉक्टर, उद्योजक आणि गिर्यारोहक मंडळी लोकवर्गणीतून हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स सुरू करायचा विचार करत आहेत. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये अशी सेवा एका हेलिकॉप्टरवर सुरू झाली आणि आज चोवीस तास चालते, हे त्यांच्या कानावर आलंय. ती कशी वाढली आणि आपल्याकडे पहिलं पाऊल कोणतं, असं त्यांनी पत्रातून विचारलंय. हे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

मी मूळचा कराडचा, भूलतज्ज्ञ. बरीच वर्षं वेल्समध्ये आहे आणि त्यातला मोठा काळ हेलिकॉप्टरच्या टीमबरोबर काम करतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: पैसे जमले तरी पहिल्या वर्षी हेलिकॉप्टर घेऊ नका. आधी टीम उभी करा, तिला गाडी द्या, आणि कुठल्या कॉलला तिला पाठवायचं हे ठरवणारी खुर्ची कंट्रोल रूममध्ये बसवा. असं का म्हणतो ते वेल्सच्या वाटचालीतून कळेल.

वेल्सची लोकसंख्या एकतीस-बत्तीस लाख. मुलुख डोंगराळ, वस्ती विरळ. उत्तर-दक्षिण जाणारा मुख्य रस्ता बहुतेक ठिकाणी साधा दुपदरी, त्यात मेंढ्या, ट्रॅक्टर आणि वळणं. मधला पोविस परगणा क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा, पण त्यात एकही मोठं जनरल हॉस्पिटल नाही. तिथे शेतात कुणी ट्रॅक्टरखाली सापडला, तर जवळचं हॉस्पिटल परगण्याबाहेर, बऱ्याचदा पलीकडे इंग्लंडमध्ये. अशा भागात हेलिकॉप्टरची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नाही.

ब्रिटनमधली पहिली हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स 1 एप्रिल 1987 रोजी कॉर्नवॉलमध्ये सुरू झाली. वेल्सची सुरुवात 1 मार्च 2001 ची, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय संताच्या, सेंट डेव्हिडच्या दिवशी. स्वान्झीच्या छोट्या विमानतळावर एक हेलिकॉप्टर, तेही भाड्याचं. 2003 मध्ये वायव्येला कार्नारवॉन इथे दुसरं आलं, 2006 मध्ये मध्य वेल्समधल्या वेल्शपूलला तिसरं. एवढ्या वर्षांत ही सेवा चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेला सरकारकडून थेट पैसा मिळाला नाही. सगळं लोकांच्या वर्गणीवर.

या वर्गणीचं गणित तुम्ही नीट समजून घ्यावं, कारण आपल्याकडे सगळे इथेच अडखळतात. आपली पद्धत अशी, की एखादा दानशूर पुढे येतो, मोठा चेक देतो, हेलिकॉप्टरवर त्याचं नाव येतं, उद्घाटन होतं. मग दुसऱ्या वर्षीचं इंधन, पायलटचे पगार, इंजिनाची ठरावीक तासांनी होणारी सक्तीची दुरुस्ती, विमा, हे कुणी भरायचं? वेल्सने मोठ्या देणगीदारांपेक्षा दर आठवड्याला थोडे थोडे पैसे देणाऱ्यांवर भिस्त ठेवली. आठवड्याची छोटी लॉटरी, जुन्या कपड्यांची दुकानं, गावोगावच्या बायकांनी केलेले केक, शाळेतल्या शर्यती. लॉटरीचा फायदा असा, की पुढच्या वर्षी हातात किती येणार हे आज कळतं, आणि त्या भरवशावर सात-सात वर्षांचा करार करता येतो. आज संस्थेला वर्षाला 1 कोटी पौंडांहून जास्त लागतात. एवढे पैसे एका श्रीमंताच्या लहरीवर उभे राहत नाहीत.

स्वित्झर्लंडच्या रेगा या हवाई बचाव संस्थेने वेगळा मार्ग काढला. ती संस्था 1952 ची. 1966 पासून तिचे वार्षिक वर्गणीदार आहेत, आणि आज त्यांची संख्या 35 लाखांच्या वर आहे. वर्गणीदारावर वेळ आली आणि विम्याने खर्च भरला नाही, तर रेगा आपलं बिल माफ करू शकते. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांचं जाळं असलेल्या आपल्या भागाला मला हा मार्ग जास्त जवळचा वाटतो. सभासदाच्या बिलातून वर्षाला ठरलेली छोटी रक्कम कापून घेणं ही गोष्ट तिथे नवी नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 2001 ते 2015 ही चौदा वर्षं वेल्सचं हेलिकॉप्टर म्हणजे वेगवान ॲम्ब्युलन्स होती. आत पॅरामेडिक असायचे, म्हणजे तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले, पण डॉक्टर नसलेले कर्मचारी. कामाला पक्के, पण त्यांना रस्त्यावर भूल देता येत नव्हती, रक्त चढवता येत नव्हतं. शिवाय सुरुवातीचं बो 105 हे हेलिकॉप्टर इतकं अरुंद, की स्ट्रेचर मागच्या दारातून सरकवलं की पेशंटचे पाय शेपटीकडच्या पोकळीत जायचे. उडताना मांडीतून रक्त वाहायला लागलं तरी हात पोचायचा नाही. उचला, पळवा, पोचवा, एवढंच शक्य होतं. त्यानेही जीव वाचले, हे मी नाकारत नाही. पण डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध पडलेल्याला, घशात रक्त साचत असताना, नुसतं वेगाने नेल्याने मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही.

जर्मनीत हे पहिल्या दिवसापासून वेगळं होतं. 1 नोव्हेंबर 1970 ला म्युनिकमध्ये क्रिस्टोफ 1 हे हेलिकॉप्टर सुरू झालं तेच डॉक्टर घेऊन. लंडनने 1989 मध्ये डॉक्टर बसवले. वेल्सला 2015 उजाडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये वेल्स सरकारच्या आरोग्यसेवेने 'एमर्ट्स' (इमर्जन्सी मेडिकल रिट्रीव्हल अँड ट्रान्सफर सर्व्हिस) नावाची टीम उभी केली. हेलिकॉप्टर, इंधन आणि पायलट संस्थेचे, डॉक्टर आणि क्रिटिकल केअर प्रॅक्टिशनर (गंभीर पेशंट सांभाळायचं जादा प्रशिक्षण घेतलेले पॅरामेडिक किंवा नर्स) सरकारी आरोग्यसेवेचे, अशी वाटणी झाली. या आखणीमागे इराक-अफगाणिस्तानात लष्करी डॉक्टरांनी जे शिकलं ते होतं: हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग जखमीपर्यंत न्यायचा.

म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगतो. समजा डोंगरातल्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली आहे. तिशीतला माणूस, हेल्मेट फुटलेलं, श्वास घोरल्यासारखा, ऑक्सिजन 84 टक्के. आम्ही त्याला लगेच हेलिकॉप्टरमध्ये घालत नाही. ट्रॉली कमरेच्या उंचीला घेतो, चारही बाजूंनी फिरता येईल अशी. श्वासनलिकेत नळी घालणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशा दिशेला वळवतो. किट एका ठरलेल्या प्लॅस्टिकच्या चादरीवर मांडतो, तिच्यावर प्रत्येक वस्तूची बाह्याकृती छापलेली असते, त्यामुळे काही कमी असलं तर रिकामी जागा दिसते. मग सहकारी यादी मोठ्याने वाचतो. "सक्शन?" "चालू, हाताशी." "दुसरी नळी?" "एक साइज लहान, आहे." "नळी गेली नाही तर?" "मास्क, मग सुप्राग्लॉटिक (घशात वरच बसणारी नळी), मग गळ्याला छेद देऊन." प्रत्येक प्रश्नाला तोंडी उत्तर. फेंटानिल, केटामिन, रोक्युरोनियम, ही वेदना थांबवणारी, भूल देणारी आणि स्नायू सैल करणारी औषधं आधीच ठरलेल्या मात्रेत भरलेली. एक मिनिट थांबायचं, नळी घालायची, कार्बन डायऑक्साइडचा आलेख स्क्रीनवर दिसला की मगच पुढे. गरज असेल तर छातीला बाजूने छेद देऊन अडकलेली हवा मोकळी करायची. रक्तदाब घसरत असेल तर थंड बॉक्समधलं ओ निगेटिव्ह रक्त आणि प्लाझ्मा, गरम करणाऱ्या यंत्रातून. हे सगळं जमिनीवर होतं. उडाल्यावर ना जागा असते, ना नीट ऐकू येतं.

बघणाऱ्यांना वाटतं, हे लोक इतका वेळ का घालवतायत, उचलून न्या की! पण मोठ्या हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे झालं असतं, ते इथे होऊन गेलेलं असतं. आणि मग पेशंट जवळच्या लहान हॉस्पिटलमध्ये न जाता थेट न्यूरोसर्जन असलेल्या जागी जातो. दोन-तीन हॉस्पिटलं फिरण्यात जाणारे तास वाचतात. खरी वेळ तिथे वाचते, हेलिकॉप्टरच्या पंख्यांच्या वेगाने नाही.

फरक मोजलेला आहे. स्वान्झी विद्यापीठाच्या सेल डेटाबँकमध्ये संपूर्ण वेल्सच्या आरोग्य नोंदी नावं काढून एकमेकींशी जोडता येतात. त्या वापरून एमर्ट्सच्या पहिल्या पाच वर्षांचा अभ्यास झाला. मुका मार लागून गंभीर जखमी झालेल्यांमध्ये 30 दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 37 टक्क्यांनी कमी झालेली आढळली. मोटार अपघात, उंचावरून पडणं, ट्रॅक्टर उलटणं, हे सगळं या मुक्या मारात येतं. मी या क्षेत्रात एखाद्या बदलाचा एवढा परिणाम क्वचितच पाहिलाय.

पण डॉक्टर नुसता बसवून भागत नाही. त्याला योग्य कॉलला पाठवावं लागतं. दक्षिण वेल्समध्ये कूम्ब्रॅन गावात ॲम्ब्युलन्स सेवेची कंट्रोल रूम आहे. तिथे आमचा एक क्रिटिकल केअर प्रॅक्टिशनर सतत बसलेला असतो. 999 या तिथल्या आपत्कालीन नंबरवर येणारे कॉल तो चाळत असतो, काही कॉल चालू असतानाच ऐकतो. "झाडावरून पडला" एवढ्यावर तो हेलिकॉप्टर सोडत नाही. किती उंचीवरून, बोलतोय का, श्वास कसा, घटनास्थळी कोण आहे, असं विचारत जातो. गरज नसलेल्या ठिकाणी टीम गेली, तर त्याच वेळी दुसरीकडे खरी गरज असलेला माणूस तिच्याविना राहतो. एकूण सेवेतली सगळ्यात अवघड खुर्ची हीच, असं माझं मत आहे. लोकांना ती दिसत नाही, तिच्यासाठी कुणी वर्गणी देत नाही, तिचा फोटो छापून येत नाही. तुमच्या आराखड्यात ती नसेल, तर बाकी कितीही मोठं हेलिकॉप्टर घ्या, ते चुकीच्या जागी उभं असेल.

वाढीचे पुढचे टप्पे भराभर सांगतो. 2016 मध्ये कार्डिफला चौथं हेलिकॉप्टर आलं, मुख्यतः बाळांना आणि लहान मुलांना एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात न्यायला. 2017 मध्ये एच 145 ही नवी हेलिकॉप्टरं आली. केबिन मोठी, पेशंटच्या डोक्यापासून पायापर्यंत हात पोचतो, आणि शेपटीचा पंखा कवचात असल्याने जवळ धावत आलेल्या माणसाला धोका कमी. सप्टेंबर 2020 मध्ये कार्डिफचं विद्यापीठ हॉस्पिटल दक्षिण वेल्सचं मेजर ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींसाठीचं मुख्य हॉस्पिटल, झालं. 1 डिसेंबर 2020 पासून सेवा चोवीस तास.

रात्रीचं उड्डाण ही वेगळीच विद्या आहे. नाइट व्हिजन गॉगल लावून पायलट हिरवट उजेडात बघतो. दिवसा पुरते त्यापेक्षा रात्री कितीतरी मोठी मोकळी जागा लागते, आणि विजेच्या तारा ही सगळ्यात मोठी भीती. म्हणूनच चोवीस तास ही पायरी वेल्सने जवळपास वीस वर्षांनी चढली. तुमच्या पत्रात पहिल्याच वर्षी चोवीस तास असं लिहिलंय. ते खोडा.

आता एक कटू भाग. रात्री सगळ्या वेल्ससाठी टीम एकच, तीही दक्षिणेच्या टोकाला कार्डिफमध्ये. उत्तरेत रात्री कुणी अपघातात सापडला, तर मदत लांबून येणार. दुसरीकडे आकडे बघितले तर काही बेसवरच्या टीम दिवसा पुरेशा वापरल्या जात नव्हत्या. म्हणून वेल्शपूल आणि कार्नारवॉन हे दोन बेस बंद करून उत्तरेत ए 55 महामार्गाजवळ एक मोठा बेस करावा, तिथे दोन टीम ठेवून रात्री उशिरापर्यंत सेवा द्यावी, असा प्रस्ताव 2022 मध्ये पुढे आला. मध्य वेल्समध्ये भडका उडाला. सभा, मोर्चे, सह्यांच्या मोहिमा. एप्रिल 2024 मध्ये निर्णय प्रस्तावाच्या बाजूने झाला, विरोधक हायकोर्टात गेले आणि 2025 मध्ये हरले.

माझं मत विचाराल तर आकड्यांच्या बाजूने प्रस्ताव योग्य आहे. महामार्गालगत बेस असला की धुक्याच्या दिवशी टीम गाडीने निघू शकते आणि जास्त पेशंटपर्यंत पोचते. पण वेल्शपूलच्या माणसांचा राग मला पूर्ण समजतो. ज्या बाईने वीस वर्षं दर आठवड्याला पैसे दिले, तिला ते आपल्या गावावरून उडणारं हेलिकॉप्टर वाटतं, आणि ते तसं वाटल्यामुळेच तिने पैसे दिले. तुमच्याकडे तीन जिल्हे आहेत. बेस कऱ्हाडला की चिपळूणला की कोल्हापूरला, हा वाद पहिल्या दिवशी होणार. म्हणून वर्गणी गोळा करण्याआधीच लेखी ठरवा की बेसची जागा दर पाच वर्षांनी नोंदींवरून तपासली जाईल आणि गरज पडली तर हलेल. देणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

आता तुमच्या भागाबद्दल. महाराष्ट्रात 'एअर ॲम्ब्युलन्स' म्हटलं की लोकांसमोर येतं ते लातूर किंवा नागपूरहून मुंबईला पैसे भरून पेशंट नेणारं विमान. ते एका आयसीयूतून दुसऱ्या आयसीयूत नेणं आहे. घटनास्थळी जाणारी सेवा भारतात नुकती आकार घेतेय. एम्स ऋषिकेशची संजीवनी हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. 17 मे 2025 ला केदारनाथला श्वासाचा त्रास होणाऱ्या यात्रेकरूला आणायला जाताना उतरताना तिच्या हेलिकॉप्टरची शेपूट मोडली. आतले तिघेही वाचले. डोंगरात उतरणं किती नाजूक आहे, हे यावरून लक्षात घ्या. हेलिकॉप्टर चालवण्याचं काम अनुभवी उड्डाण कंपनीला करारावर द्या, आणि उडायचं की नाही हा निर्णय फक्त पायलटचा ठेवा. पायलटला पेशंटचं वय, अवस्था काहीही सांगायचं नाही. लहान मूल आहे असं कळलं की ढगात घुसायचा मोह होतो. बऱ्याच सेवांमध्ये हा नियम आहे, तुम्हीही पाळा.

रत्नागिरी ते कोल्हापूर हवेतून शंभरेक किलोमीटर. चांगल्या हवेत पंचवीस-तीस मिनिटं, आंबा घाटातून गाडीने साडेतीन-चार तास. हा फरक मोठाच आहे. पण जून ते सप्टेंबर घाटमाथा ढगात असतो. नेमके तेव्हाच दरडी कोसळतात, गाड्या दरीत जातात. त्या चार महिन्यांत हेलिकॉप्टर बऱ्याच दिवशी जमिनीवरच राहील. शिवाय वेल्सच्या एअर ॲम्ब्युलन्सला दोर सोडून माणूस वर खेचता येत नाही. ते काम तिथे तटरक्षक दलाची हेलिकॉप्टर आणि डोंगरातली स्वयंसेवी बचाव पथकं करतात. दरीतून माणूस वर आणायला तुम्हाला तुमची गिर्यारोहक मंडळीच लागणार, आणि त्यांचं डॉक्टरांबरोबर एकत्र प्रशिक्षण आधीपासून व्हायला हवं.

म्हणून गाडी. एक दणकट, उंच गाडी, आत तेच सगळं किट, एक अनुभवी भूलतज्ज्ञ किंवा इमर्जन्सीचा डॉक्टर आणि एक तयार प्रॅक्टिशनर. 108 ची सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, 937 ॲम्ब्युलन्सवर सुरू झाली आणि प्रत्येकीत डॉक्टर. हा पाया वेल्सकडे नव्हता. 108 चा डॉक्टर आधी पोचेल, रक्तस्राव थांबवेल, आणि तुमची गाडी वाटेत त्याला गाठेल. दोन्हींचा वायरलेस एक हवा आणि कॉल ऐकणारा माणूस 108 च्या कंट्रोल रूममध्येच बसलेला हवा. त्यासाठी शासनाशी करार लागेल. तो मिळवायला हेलिकॉप्टर भाड्याने घेण्यापेक्षा जास्त महिने जातील, म्हणून आजच सुरू करा.

हॉस्पिटलचंही आधी ठरवा. पेशंट घेऊन उतरायचं कुठे? विमानतळावर उतरून तिथून गर्दीतून ॲम्ब्युलन्सने जायचं असेल, तर वाचलेली वेळ तिथेच संपते. दिवसरात्र न्यूरोसर्जन, ऑपरेशन थिएटर आणि रक्तपेढी असलेली दोन-तीन हॉस्पिटलं निवडा, त्यांच्या आवारात किंवा चालत जाण्याइतक्या अंतरावर उतरायची जागा मिळवा. रक्त टीमकडे ठेवायचं असेल, तर परवानाधारक रक्तपेढीशी करार करून बॉक्स ठरावीक तासांनी परत जाईल अशी सोय करा, म्हणजे एकही पिशवी वाया जात नाही.

आणि गर्दी. वेल्समध्ये हेलिकॉप्टर मैदानात उतरलं तर कुंपणापाशी चार माणसं उभी राहतात. आपल्याकडे ऊस तोडलेल्या रानात उतरलं तर पाच मिनिटांत अख्खं गाव धावत येईल, पोरं सगळ्यात पुढे. धुळीने पायलटला दिसेनासं होईल. तालुक्यातली शाळेची मैदानं, कारखान्यांची आवारं, एसटी आगारं यांतून ठरलेल्या जागा आधी निवडा, तारा आणि पत्रे तपासून नकाशावर घ्या, आणि प्रत्येक जागेला पोलीस पाटील किंवा होमगार्डचा एक माणूस नेमा. पेशंटला तिथपर्यंत 108 आणेल. सुरुवातीची काही वर्षं वाटेल त्या शेतात उतरायचं नाही.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला होता: पहिल्या वर्षीच्या वर्गणीतून नक्की काय घ्यायचं? गाडी आणि किट, दोन प्रॅक्टिशनरचं प्रशिक्षण, 108 मध्ये बसणाऱ्या माणसाचा पगार, आणि एक नोंद ठेवणारा कारकून. प्रत्येक पेशंटची फोनची वेळ, टीम निघाल्याची वेळ, काय केलं, कुठे नेलं, आणि तिसाव्या दिवशी तो जिवंत आहे का. वर्ष संपताना ही वही उघडा. त्यात गाडीने पोचायला उशीर झाला असे किती होते, कुठल्या तालुक्यातले, किती वाजता आणि कुठल्या महिन्यात, हे दिसेल. तिच्यावरून हेलिकॉप्टरचा बेस, वेळ आणि आकार ठरवता येईल. ती वही तयार झाली की मला पाठवा, पुढचा करार कसा लिहायचा ते मी आनंदाने बसून सांगेन.